श्वासावर चालणारा करदोडा

अकोला
मंगळवार, १८ ऑक्टोबर २०२२

बंडूदादा,

नमस्कार. तू आणि वहिनी बरे असाल. आई ठीक आहे. दिवसा ती दवाखान्यात बसते, रात्री मी. परतीच्या पावसानं आपल्या सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटले, त्यामुळे यंदा मळणीचा प्रश्न राहिला नाही. फोनवर तू माझं एकही वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते आहे. कुरिअर गुरुवारी पुण्यात पोचतं असं दुकानदार म्हणाला.

आधी काय घडलं ते लिहिते.

१. गेल्या हंगामात तण काढताना डवऱ्याचं पातं लागून बाबांच्या डाव्या नडगीला जखम झाली. साखरेच्या आजारामुळे ती भरत नव्हती.

२. जूनमध्ये बाबा अमरावतीला आले. जखम भरायला मदत करणारा मी केलेला पट्टा आहे, त्याच्या आमच्या संस्थेच्या चाचणीत त्यांचं नाव घातलं. तपासणी आणि संमती माझ्याबरोबर काम करणाऱ्या रुबीनानं घेतली, कारण नातेवाइकाची नोंद मी घेऊ शकत नाही. सही बाबांची आहे. त्या वेळी तू व्हिडिओ कॉलवर होतास.

३. ऑगस्ट संपेपर्यंत जखम साडेचार सेंटीमीटरवरून दीड सेंटीमीटरवर आली.

४. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पट्ट्यावरची नोंद थांबली. मी नवा पट्टा पाठवला. बाबांनी तो बांधला नाही.

५. जखम चिघळली, ताप आला. दसऱ्यानंतर बाबांना अकोल्याला दाखल केलं.

६. तू डॉक्टरांना फोनवर सांगितलंस की गुडघ्याखाली पाय काढून टाका. शनिवार ठरला.

७. तू महादेवकाकांना सांगितलंस की आचलच्या तारेनं बापाचा पाय जळाला.

पहिल्या सहा मुद्द्यांवर आपला वाद नसावा. सातवा खोटा आहे. आणि चौथ्या-पाचव्याच्या मध्ये एक गोष्ट घडली, ती मी यादीत घातलेली नाही. ती अशी एका ओळीत लिहिता येत नाही.

काका रविवारी भेटायला आले होते. बाबांच्या उशाशी उभे राहून त्यांनी आधी पलंगाखाली वाकून पाहिलं, मग मला विचारलं, "तुह्या बापाचं बटन कुठी हाय वं? चालू हाय का बंद केलं?" वॉर्डातली माणसं हसली. आईनं पदर तोंडाला लावला, ती हसली की रडली ते मला कळलं नाही. मी काकांना सांगितलं की बटण नाही आणि कधी नव्हतं. ते म्हणाले, बंडू काही खोटं सांगत नाही.

म्हणून तुला एकदा नीट सांगते. जखम लहान होत होती तेव्हा तू तुझ्या ऑफिसात "आमच्या आचलचं यंत्र" म्हणून फोटो दाखवत होतास. ते चालतं कसं, हे तू तेव्हाही विचारलं नव्हतंस.

थंडीत टेरीकॉटचा सदरा अंगातून काढताना चटचट होतं, अंधारात कधी ठिणगीही दिसते. दोन वेगळ्या जातीचे पदर एकमेकांना लागले आणि सुटले की हे होतं. आमच्या पट्ट्यात तेच आहे. एक पदर कापसाच्या सुताचा, एक सिलिकॉनचं पाणी दिलेल्या धाग्याचा. पोट श्वासानं वर येतं, पदर चिकटतात. खाली जातं, सुटतात. त्यातून जो कणभर विजेचा ठोका निघतो तो केसाएवढ्या तारेनं पायावरच्या पट्टीत जातो आणि जखमेच्या कडांना मिळतो. त्यानं कडेच्या पेशी आत सरकायला मदत होते. माणसाला तो जाणवतही नाही. कागदोपत्री त्याला नॅनोजनरेटर म्हणतात. बॅटरी नाही, चार्जर नाही. गावात लाईट असो की नसो, माणूस श्वास घेतो तोवर तो चालतो. त्याला एक मणी आहे. त्याला फोन टेकवला की आठवडाभराचे श्वास वाचता येतात. आपल्या उपकेंद्रातल्या आशाबाई सिस्टर दर सोमवारी पट्टी बदलताना ते करायच्या आणि मला पाठवायच्या.

त्या विजेनं काही जळत नाही. जळूच शकत नाही. हवं तर तुझ्या ओळखीच्या कोणत्याही इंजिनिअरला विचार.

जखम लहान झाली त्यात माझ्या धाग्याचा वाटा किती आणि आशाबाईंच्या वेळेवरच्या पट्टीचा किती, हे मी सांगत नाही. अजून ते सांगता येत नाही. मी औषध शोधलं असं मी कोणालाही म्हटलेलं नाही. तू म्हटलंस, ऑफिसात.

सुरुवातीला आमचे पट्टे छातीला होते. माणसं दोन दिवसांत काढून ठेवायची. घाम येतो, खाज येते, लोक विचारतात. मग मला सुचलं की आपल्याकडच्या कोणत्याही पुरुषाच्या कमरेला एक धागा जन्मापासून असतोच. तो आंघोळीला काढत नाहीत, झोपताना काढत नाहीत, त्याबद्दल कोणी विचारतही नाही. मी पट्टा करदोड्यासारखा वळला, काळा. बाबांनी हातात घेऊन म्हटलं होतं, "हे जमलं तुले." जुना काढून त्यांनी हा बांधून घेतला. माझ्या सगळ्या कामात मला त्या एका वाक्याइतकं समाधान कशानंच झालेलं नाही. हे मी तुला सांगायचं कारण नव्हतं, पण लिहून गेले.

सप्टेंबरात आशाबाईंकडून नोंद आली ती अर्ध्यातून सरळ रेघ होती. एका दुपारपर्यंत श्वास, त्यानंतर काही नाही. आमचं सॉफ्टवेअर अशा वेळी लाल अक्षरात "श्वास नाही" असं लिहितं. मला आशाबाईंनी आजच पट्टी बदलली हे माहीत होतं, तरी मी आधी घरी फोन लावला आणि मग विचार केला. बाबांनीच उचलला. मी विचारलं, पट्टा कुठे आहे. म्हणाले, "तुटला."

"कसा तुटला?"

"तुटला म्हंजे तुटला. धागा हाय, तुटते. तू जेवली का?"

मी नवा पाठवला. जुना आशाबाईंच्या हाती परत आला. मी तो भिंगाखाली घेऊन सगळे जोड तपासले, दोन दिवस. मला वाटलं घामानं जोड सुटला असेल. रुबीनानं माझ्या हातातून काढून घेतला, दोन्ही टोकं बघितली आणि म्हणाली की हा झिजलेला नाही. झिजला तर सूत पिंजतं. हा पात्यानं एका घावात कापलेला आहे. मग तिनं सहज विचारलं, तुमच्यात हा करदोडा कधी काढतात का?

मी म्हटलं, "नाही. कोणी गेलं तरच."

  रुबीना उठून चहा घेऊन आली.

दादा, भावकीत या वर्षी कोणी गेलेलं नाही. तुलाही ते माहीत आहे.

आता यादीत न घातलेली गोष्ट.

पोळ्यानंतर दोन दिवसांनी बाळापूरला आपली शकुनताई वारली. डेंग्यू होता, चौथ्या दिवशी रक्तातल्या पेशी उतरल्या. तिच्या नवऱ्यानं, उसामानं मला फोन केला, तुलाही केला. तू त्याला म्हणालास की आमच्यासाठी ती लग्न केलं त्याच दिवशी गेली. त्यानंतर तू घरी फोन केलास आणि आईला सांगितलंस की आपल्या घरात सुतक पाळायचं नाही, चूल बंद ठेवायची नाही, कोणी विचारलं तर काही झालेलं नाही. आईनं त्या दिवशी स्वयंपाक केला. तिनं मला हे परवा सांगितलं, वरणात मीठ किती पडलं होतं तेसुद्धा.

मी बाळापूरला गेले होते. मातीला बायका गेल्या नाहीत, मी घरात तिच्या सासूजवळ, बिस्मिल्लाबींजवळ बसले. त्यांनी मला विचारलं, तेरे बाबा आएंगे क्या? मी बाबांना तिथूनच फोन लावला. ताई गेली म्हणून सांगितलं. ते "बरं" म्हणाले. एवढंच. फोन ठेवला. मी महिनाभर त्यांच्याशी पट्टा, साखर आणि पट्टी सोडून एक शब्द बोलले नाही. मला वाटलं, तुझ्यासारखेच आहेत.

इथे दाखल केल्यावर कपडे बदलताना मी त्यांची कमर पाहिली. माझा नवा पट्टा नव्हता, साधा दोराही नव्हता. सगळा जन्म धागा होता तिथे कातडीवर पांढरी रेघ होती. मी वॉर्डातल्या सिस्टरला बाहेर जायला सांगितलं आणि बाबांना विचारलं. त्यांनी आधी टाळलं. मग भिंतीकडे तोंड करून सांगितलं.

ताईच्या दहाव्याला ते घरून पातूरच्या बाजाराला म्हणून निघाले आणि बाळापूरला उतरले. कबरस्तानात गेले नाहीत. कोणाला काय म्हणू, असं वाटलं म्हणाले. किल्ल्याखाली नदीत उतरले, पट्टीसकट, गुडघाभर पाण्यात. पुराचं गढूळ पाणी होतं. एकट्यानं आंघोळ केली, विळ्यानं करदोडा कापला. ओल्या पट्टीनं एसटीत बसून संध्याकाळी घरी आले आणि आईला सांगितलं की बाजारात पावसात सापडलो. जखम त्या पाण्यानं चिघळली. सोमवारपर्यंत ती पट्टी तशीच होती.

करदोडा पाण्यात सोडतात. त्यांनी तो खिशात घालून परत आणला. मी विचारलं का. म्हणाले, "तुमच्या कालेजाची वस्तू. पान्यात कशी टाकू?"

बापानं लेकीसाठी करदोडा तोडायची रीत आपल्यात नाही. लग्न करून दिलेल्या लेकीसाठी तर नाहीच, आणि तिला तर आपण दिलेलंही नव्हतं. त्यांना हे तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरी तोडला.

आणि नवा का नाही बांधला? तो स्वतःच्या हातानं बांधायचा नसतो. सुतक फिटलं की भावकीतला कोणीतरी बांधतो. हे सुतक भावकीला माहीतच नव्हतं. कोणाला म्हणणार, बांधून दे म्हणून? माझा नवा पट्टा त्यांनी पेटीत ठेवला होता, पिशवीसकट. इतके दिवस बाबा उघड्या कमरेनं फिरले आणि कोणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्या यंत्राला दिसलं. त्यानं "श्वास नाही" असं लिहिलं आणि मी त्याचा जोड तपासत बसले.

मी म्हटलं, मी बांधते. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "तिच्या घरचं मानूस पायजे."

उसामा रोज इथे येतो, हे तुला कोणी सांगितलं नसेल. वर येत नाही. बाबा दाखल झाले तेव्हापासून संध्याकाळी दुकान बंद करून बाळापूरहून येतो, खाली गाड्या लावतात तिथे उभा राहतो, माझ्याकडून तब्येत विचारतो आणि जातो. काल मी त्याला वर आणलं. बाबांनी आईला बाहेरच्या टपरीवरून काळा दोरा आणायला लावला, साधा, माझा नाही. मग सदरा वर केला.

उसामा मागे सरकला. "बाबा, मेरेसे कैसा होईंगा? तुमच्यात मी चालत नाही."

"तुले कोन इचारून राहिलं, चालते का नाई? तिच्या घरचा तू. बांध."

त्यानं बांधला. गाठ सैल बसली. बाबा म्हणाले, "कस जरा. सुटन." त्यानं परत कसली. आई दाराशी पाठ करून उभी होती, कोणी येतं का बघत. नंतर तिनं त्याला विचारलं, जेवला का. सात वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली.

हे तुला आवडणार नाही. आवडावं म्हणून लिहिलेलं नाही. यासाठी मी तुझी माफी मागत नाही आणि बाबांनीही मागू नये.

आता पायाचं.

आज सकाळी डॉक्टरांनी मला बोलावलं. रविवारपासून ताप नाही. साखर खाली आली आहे. पायातला रक्तप्रवाह चांगला आहे, हाडापर्यंत काही गेलेलं नाही, दोन्ही तपासण्यांचे कागद या पत्रासोबत आहेत. ते म्हणाले की दोन रस्ते आहेत. एक, शनिवारी पाय काढायचा. दुसरा, सडलेला भाग भूल देऊन साफ करायचा, तीन आठवडे इथेच ठेवून रोज पट्टी आणि औषध. ताप परत चढला तर मात्र वाट न पाहता काढायचा. त्यांचं स्वतःचं मत दुसऱ्या रस्त्याचं आहे. पहिला का ठरला असं मी विचारलं तेव्हा म्हणाले की घाई घरच्यांची होती, माझी नाही.

तू का घाई केलीस ते मला माहीत आहे. सूर्यभानकाका असेच पायाच्या जखमेनं गेले आणि शेवटी त्यांना उचलून गाडीत घालणारा तू होतास. तुला ते परत नको आहे. मलाही नको आहे. पण काकांचा पाय काळा पडल्यावर आपण त्यांना आणलं होतं. बाबांचा पाय काळा नाही. गरम आहे, मी रोज हात लावते.

माझा पट्टा आता नको असेल तर नको. चाचणीतून बाबांचं नाव मी स्वतः काढायला सांगितलं आहे, आणि का, ते खरं कारण रुबीनानं नोंदलं आहे. यंत्र खरं ठरवायला मी बाबांचा पाय राखून मागत नाही. मला पाय पाहिजे.

अडचण एकच आहे आणि ती तू आहेस. डॉक्टरांनी बाबांना माझ्यासमोर दोन्ही रस्ते समजावून सांगितले आणि तुम्हाला काय वाटतं असं विचारलं. बाबा म्हणाले, "बंडूले इचारा." मी म्हटलं, पाय तुमचा आहे. तेव्हा ते जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते.

"माह्या मनानं जल्मात एक डाव केलं, आचल. तं पाय सडला. आता बंडू म्हनन तसं."

ते पाय काढायला तयार आहेत, दादा, कारण त्यांना वाटतं की नदीवर गेल्याची ही शिक्षा आहे आणि ती तुझ्या तोंडून आली आहे. मी जंतूंबद्दल सांगितलं, गढूळ पाण्याबद्दल सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. माझं त्यांना पटतं, पण तुझ्याशिवाय चालत नाही. ही घराची रीत तू केलेली नाहीस. पण तिचा फायदा तू आजवर घेतलास. शकुनताईच्या लग्नाच्या वेळी घेतलास. तेव्हा मी बारावीत होते आणि मला कोणी विचारलं नाही. आता मी विचारायची वाट बघत नाही.

तू मनातून काही बदलावंस असं मी मागत नाही. उसामाशी बोल म्हणत नाही, ताईचं नाव घे म्हणत नाही. बाबांना दोन वाक्यं लिहून पाठव: पाय राहू द्या, आणि तुम्ही नदीवर गेलात ते मला कळलं आहे. दुसरं वाक्य गाळू नकोस. ते नसलं तर नदीचं तुला माहीतच नाही असं त्यांना वाटेल आणि पहिल्याचा उपयोग होणार नाही. ते मान हलवतील आणि शनिवारी पाय काढून घेतील.

तुझं उत्तर मी जसं येईल तसं वाचून दाखवीन. नाही म्हणालास तर तो नकारही वाचून दाखवीन. आलं नाही तर शुक्रवारी संध्याकाळी त्यांना सांगेन की बंडूचं काहीच आलं नाही, सगळं वाचूनही आलं नाही. तुझ्या वतीनं मी काही बनवून सांगणार नाही. या घरात ते पुष्कळ झालं.

तीन आठवडे रजा घेऊन मी इथे थांबणार आहे. पट्टीला माणूस पाहिजे, तो माणूस मी आहे. तुला दिवाळीला यायचं असेल तर ये. नसेल जमत तर नको.

डॉक्टरांना शनिवारचं काय करायचं ते शुक्रवारी रात्री आठला सांगायचं आहे. फोन करू नकोस. लिहून पाठव, मोबाईलवर पाठवलंस तरी चालेल. शुक्रवार, २१ तारखेला संध्याकाळी सहापर्यंत मला तुझं उत्तर पाहिजे.

शकुनताईची बहीण, आणि तुझीही,
आचल